पावणेनऊ इंच

मागच्या पावसाळ्यात आईला घेऊन एका सरकारी कचेरीत गेले होते. बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि त्यांचं निवृत्तिवेतन आता आईच्या नावावर व्हायचं होतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. सगळे कागद त्यांनी स्वतःच नीट लावून ठेवलेले, प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी. त्यामुळे तासाभरात काम होईल असं वाटलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं. मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकतं तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलकट काळा पट्टा उमटलेला. किती वर्षांची डोकी टेकली असतील तिथे! आईच्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर खणाच्या तुकड्यांची शिवलेली पिशवी आणि पिशवीत कागद. तिनं आईला पुडीतले शेंगदाणे देऊ केले. दोघी काही बोलल्या, मी ऐकलं नाही. माझं लक्ष आत होतं.

आत गेल्यावर टेबलामागच्या माणसानं बाबांच्या सेवापुस्तकातल्या नावावर बोट ठेवलं. "मावशी, ह्या कोण?"

"मीच ती."

मग आधार कार्डावर बोट. "आणि ह्या?"

"ह्यापण मीच."

"दोन्ही तुम्हीच कशावरून?"

लग्नात ताटातल्या तांदळावर बाबांनी अंगठीनं आईचं नवीन नाव लिहिलं होतं. ते तांदूळ नंतर गोळा करून ठेवले, वापरलेही असतील. पुढे दोनच महिन्यांनी नामनिर्देशनाचा कागद भरताना मात्र त्यांनी तिचं माहेरचं नाव लिहिलं. का, ते विचारायला आता बाबा नाहीत. मला वाटतं, ते तिला मनातल्या मनात त्याच नावानं हाक मारत असावेत. आई काही क्षण बोललीच नाही. मग हळू म्हणाली, "अहो, त्यांनीच लिहिलंय ते. मी काय घेतलेलं नाही कुणाचं."

तिच्या या वाक्यानं मला घरी येईपर्यंत सोडलं नाही. हे मी कुठेतरी ऐकलेलं होतं. रात्री कपाट उघडून हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक काढलं आणि तेरावं प्रकरण शोधलं.

मेरी एलिझाबेथ कॅटरमोल. सात पुस्तकांच्या त्या अफाट पसाऱ्यात ही बाई एका प्रकरणापुरती येते. व्होल्डेमॉर्ट या दुष्ट जादूगाराच्या माणसांनी जादूचं मंत्रालय ताब्यात घेतलंय, आणि ज्यांचे आईवडील जादूगार नाहीत अशा सगळ्यांना एका आयोगापुढे उभं केलं जातंय. तळघरातल्या गारठलेल्या कोर्टात तिला एकटीला खुर्चीत बसवलंय, खुर्चीला साखळ्या. समोर मंत्रालयातली अधिकारी डोलोरेस अम्ब्रिज, भोवती माणसाचा सगळा आनंद शोषून घेणारे डिमेंटर. अम्ब्रिज एकेक नोंद वाचते: राहणार २७, चिझलहर्स्ट गार्डन्स. पती रेजिनाल्ड, मंत्रालयाच्याच देखभाल खात्यात नोकरीला. मुलं मेझी, एली आणि आल्फ्रेड. मुलांची नावं ऐकताच मेरीला हुंदका आवरत नाही. पोरं घाबरलीत, आई परत येणार नाही असं त्यांना वाटतंय, असं ती सांगते. मग तिच्याकडून काढून घेतलेल्या जादूच्या छडीचं वर्णन वाचलं जातं. पावणेनऊ इंच, चेरीचं लाकूड, आत युनिकॉर्नचा केस. ही छडी तू कोणत्या जादूगाराकडून घेतलीस?

मी घेतली नाही कुणाची, मेरी म्हणते. अकरा वर्षांची असताना विकत आणली. छडीनंच मला निवडलं.

अम्ब्रिज हसते. पुढे तिच्या अर्जातला रकाना निघतो, आईवडिलांचा व्यवसाय: भाजीविक्री. यावर शेजारी बसलेला याक्सलीही हसतो.

हे पुस्तक २१ जुलै २००७ ला आलं तेव्हा मी कॉलेजात होते. मैत्रिणीची प्रत दोन रात्रींसाठी मिळाली होती, त्यामुळे पानं उलटायची घाई. त्या प्रकरणात हॅरी आणि त्याचे मित्र रॉन आणि हर्मायनी वेश बदलून मंत्रालयात शिरलेले असतात, ते अम्ब्रिजच्या गळ्यातल्या लॉकेटसाठी. सगळं कथानक त्या लॉकेटवर डोळा लावून असतं, आणि माझाही डोळा तिथेच होता. खुर्चीतली बाई रडत होती आणि मी मनात म्हणत होते, आता उडवा ना ते लॉकेट लवकर. सोळा-सतरा वर्षांनी, त्या टेबलासमोर उभ्या असलेल्या माझ्या आईनं मला ते पान पुन्हा वाचायला लावलं. या वेळी लॉकेट कुठे होतं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्याच खोलीत आणखी एक बाई आहे, म्हणजे खरं तर नाही. हर्मायनीनं जिचं रूप घेतलंय ती माफाल्डा हॉपकर्क. दुसऱ्या पुस्तकात हॅरीला मंत्रालयाचं ताकीदपत्र येतं, त्याच्याखाली हीच सही असते. इतकी वर्षं ती निव्वळ सही होती. सातव्या पुस्तकात पहिल्यांदा ती माणूस म्हणून दिसते, विस्कटलेल्या करड्या केसांची, चणीनं लहान. सकाळी कामावर यायला निघालेली असते. तिला बेशुद्ध केलं जातं, तिचा केस काढून घेतला जातो आणि तिच्या चेहऱ्यानं नायिका आत जाते. हर्मायनीचा नाइलाज मला कळतो. तरी त्या प्रकरणाच्या शेवटी माझं मन त्या आडोशाला पडलेल्या बाईकडे गेल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे 'विच' या शब्दाला नीटसा शब्दच नाही. 'जादूगारीण' म्हटलं की रंगमंच आणि टोपीतला ससा आठवतो. 'चेटकीण' म्हटलं की वाड्यातली, उलट्या पायांची, पोरांना धरणारी. आणि 'डाकीण' हा शब्द तर बाई स्वतःबद्दल कधी वापरतच नाही, तो तिच्यावर लादला जातो. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच गोष्टींसाठी. म्हणून मेरी कॅटरमोलचा खटला मराठीतून विचार करताना मला फार विचित्र आणि फार ओळखीचा वाटतो. इकडे बाईला सिद्ध करावं लागतं की ती चेटकीण नाही. मेरीला सिद्ध करायचंय की ती आहे. पण खुर्ची तीच आणि विचारणाऱ्याचं हसणंही तेच. उत्तर काहीही आलं तरी निकाल आधीच लिहिलेला.

त्या रात्रीनंतर मी सातही पुस्तकं पुन्हा वाचली. या वेळी हॅरीच्या मागे न जाता कडेच्या बायका आणि मुली शोधत वाचली. दोन महिने लागले. आईचं काम त्या काळात चालूच होतं, हेलपाटे, नोटरी, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. एसटीत बसल्यावर मी पुस्तक काढायचे आणि आई खिडकीबाहेर बघत बसायची.

सगळ्यात जास्त मला हॅना अ‍ॅबट सापडली. पहिल्या पुस्तकात जादूच्या शाळेत नव्या मुलांना 'घरं', म्हणजे गट, वाटून देताना पहिलं नाव पुकारलं जातं ते तिचं. आडनाव 'अ'वरून, एवढंच कारण. गुलाबी चेहऱ्याची, दोन पोनी घातलेली मुलगी अडखळत पुढे येते, घर ठरवणारी टोपी डोळ्यांवर घसरते आणि पुकारते, हफलपफ. हजेरीत ज्यांचा पहिला नंबर असतो त्यांना हे ठाऊक आहे. आधी कुणाला बघून शिकावं, तर पुढे कुणीच नसतं. दुसऱ्या पुस्तकात अख्खी शाळा हॅरीवर संशय घेते तेव्हा ग्रंथालयात ती हळूच म्हणते की तो तसा चांगला वाटतो. तिसऱ्यात तुरुंगातून पळालेला सिरियस ब्लॅक शाळेच्या किल्ल्यात शिरला कसा याची चर्चा असते, तर ही वनस्पतिशास्त्राच्या तासाला भेटेल त्याला सांगत सुटते की तो फुलझाडाचं रूप घेऊन आला असेल. पाचव्यात मोठ्या परीक्षेच्या आधी ती तासाला रडायला लागते. मी मठ्ठ आहे, मला परीक्षा नको, मला आत्ताच शाळा सोडायचीय. त्या वर्षी शांत होण्याचं औषध पहिल्यांदा द्यावं लागतं ते तिलाच. आमच्या दहावीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. पूर्वपरीक्षेला ती पेपर कोरा ठेवून उठली आणि मुतारीच्या भिंतीमागे जाऊन बसली. आम्ही दोघी-तिघी तिला आणायला गेलो, ती आली नाही.

आणि मग सहावं पुस्तक. हॅनाला वनस्पतिशास्त्राच्या तासावरून बाहेर बोलावतात. तिची आई मृतावस्थेत सापडलेली असते. त्यानंतर ती शाळेत दिसलेली नाही, एवढंच पुस्तक सांगतं. आईचं नाव नाही, कसं झालं ते नाही. पुढच्या ओळीत गोष्ट आपल्या वाटेनं निघून जाते. आधीच्या वेळी मी या ओळीवरून गेले होते हे नक्की, पण मला ती अजिबात आठवत नव्हती. बाबा गेल्यानंतर वाचताना मी तिथे थांबले. तासावरून बोलावणं येणं म्हणजे काय ते आता मला कळतं. मला ऑफिसात फोन आला होता आणि मी समोरचं काम सेव्ह करून मग उठले. तो हात आपोआप कसा चालला याचं मला अजून आश्चर्य वाटतं. हॅनानंही कुंडी नीट जागेवर ठेवली असेल, हातमोजे काढले असतील.

सातव्याच्या अगदी शेवटी, शेवटच्या लढाईत, व्होल्डेमॉर्टच्या शापापुढे हॅरी कवच धरतो आणि त्या कवचाआडून दोघं जण धावत सभागृहात लढायला घुसतात. सीमस फिनिगन आणि हॅना अ‍ॅबट. म्हणजे ती परत आली होती. कधी आली, कुणी समजावलं, घरून कोणी सोडलं, काही माहीत नाही. फुलझाडाची गोष्ट सांगणारी, परीक्षेला घाबरणारी, आई गेलेली मुलगी. एसटीत मी तो परिच्छेद तीनदा वाचला. सहा पुस्तकांत विखुरलेल्या आठ-दहा ओळी, पण एकापाठोपाठ ठेवल्या तर त्यात अख्खी मुलगी वाढते.

तिच्याच वर्गातली सुझन बोन्स. लांब वेणी, फारसं बोलत नाही. तिचे काका, काकू आणि चुलत भावंडं व्होल्डेमॉर्टविरुद्धच्या पहिल्या युद्धात मारली गेलेली, आणि तिची आत्या अमीलिया, जिनं हॅरीच्या सुनावणीत त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, ती दुसऱ्या युद्धात. सुझन तरीही दर वर्षी शाळेत येते.

पाटील जुळ्यांबद्दल तर मला लिहायलाच हवं. सांगलीकडच्या आमच्या शाळेत एका वर्गात पाच-सहा पाटील असायचे, सर नावाआधी गावाचं नाव लावून हाक मारायचे. स्कॉटलंडातल्या त्या किल्ल्यात 'पाटील' हे आडनाव पुकारलं गेलं तेव्हा मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. पार्वती ग्रिफिंडॉरमध्ये, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. त्यांच्या घरी मराठी बोलतात का, डब्यात भाकरी असते का, पुस्तक काहीच सांगत नाही, आणि आम्ही ते सगळं आपल्या मनानं भरून घेतलं होतं. म्हणून चौथ्या पुस्तकातला नाताळचा नाच मला त्या वयात फार लागला. मुलांना ऐनवेळी जोडीदार मिळत नाहीत म्हणून हॅरी पार्वतीला विचारतो आणि रॉनसाठी पद्मा ठरते. पार्वती चमकदार गुलाबी झगा घालून, वेणीत सोनेरी गोफ गुंफून, हातात सोन्याच्या बांगड्या घालून जिन्याच्या पायथ्याशी वाट बघत उभी असते. आणि ते दोघं दुसऱ्याच मुलींकडे बघत खुर्चीत बसून राहतात. एवढं नटून आलेल्या मुलीला कोपऱ्यात बसवून ठेवणं याचा मला राग आला होता. तो राग अजून आहे.

पण पुन्हा वाचताना एक जागा सापडली. पहिल्या पुस्तकात उडायच्या पहिल्या तासाला वर्गातला नेव्हिल पडतो, मनगट मोडतं, मॅडम त्याला घेऊन जातात आणि मागे मॅल्फॉय नावाचा मुलगा त्याची टिंगल सुरू करतो. त्याला पहिल्यांदा गप्प बस म्हणणारी मुलगी पार्वती पाटील आहे. हॅरीच्या आधी. तिला लगेच टोमणा मिळतो, जाड्या रडक्या मुलांची बाजू घेतेस होय, आणि गोष्ट पुढे जाते ती हॅरीच्या धाडसाकडे. सगळ्यांना लक्षात राहतं ते हॅरीचं पहिलं उड्डाण. तेव्हापासून माझ्या डोक्यातली पार्वती जिन्यापाशी उभी असलेली नाही, ही आहे. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी आईवडील दोघींना घाईनं घरी नेतात, कुठलेही आईवडील नेतील तसे. आणि शेवटच्या लढाईत पार्वती परत उभी असते, ट्रॅव्हर्स नावाच्या खुन्यासमोर.

अ‍ॅलिस लॉंगबॉटमबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. नेव्हिलची आई, काळ्या जादूविरुद्ध लढणारी, यातना देऊन देऊन जिच्या मनाचा तोल गेला. दवाखान्याच्या बंद वॉर्डात ती मुलाजवळ येते आणि हात पुढे करते. हातात च्युइंगमचा रिकामा कागद. नेव्हिल "थँक्स, मम" म्हणतो, ती गुणगुणत निघून जाते. आजी म्हणते, टाक तो कचऱ्यात, तुझी खोली मढेल इतके दिलेत तिनं. नेव्हिल कचऱ्याच्या डब्याकडे जात नाही, कागद खिशात सरकवतो. अ‍ॅलिस एक शब्दही बोलत नाही. मला त्यात सगळ्यात जास्त दिसतो तो आजीचा हिशेब. खोली मढेल इतके, म्हणजे दर भेटीला एक. म्हणजे तिच्या आत कुठेतरी हे ठरलेलं आहे की हा मुलगा आला की त्याला काहीतरी द्यायचं. रिकाम्या हातानं पाठवायचं नाही.

मेरी कॅटरमोलची मात्र पुढची खबर पुस्तकात कुठेच नाही. हॅरी तिला सोडवतो, मुलांना घे आणि देश सोड असं सांगतो, मग एकच गोंधळ उडतो आणि ती नजरेआड होते. पण मी एक गोष्ट आधी पाहिलीच नव्हती. त्या पळापळीत रॉनचा दंड जबर जखमी होतो. तंबूत तो पडलेला असतो, चेहरा पांढराफटक. आणि तशातही तो विचारतो, कॅटरमोल मंडळींचं काय झालं? हर्मायनी धीर देते, निसटले असतील, मुलांना घेऊन देशाबाहेर निघाले असतील. रॉनचं समाधान होत नाही, तो चिंता करत राहतो. तेव्हा हर्मायनी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघते ती बघून हॅरीला वाटतं, आपण काहीतरी खासगी बघितलं. लॉकेट त्यांच्या हातात आलेलं असतं. ज्यासाठी गेले ते काम झालेलं असतं. आणि रॉन त्या बाईबद्दल विचारत असतो. या दोघांचं प्रेम कुठे सुरू झालं यावर आम्ही मैत्रिणी तेव्हा तासन्‌तास बोलायचो. या जागेचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

आईचं काम झालं, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्याच टेबलावर, त्याच माणसानं प्रतिज्ञापत्र वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं मावशी, आता यायला नको." वाईट माणूस नव्हता तो. आईनं त्याला हात जोडले. पावती मी पिशवीत ठेवली आणि आम्ही बाहेर आलो. बाकडं भरलेलं होतं. आई दारात थांबून एकेक चेहरा बघत होती. मला वाटलं तिला चक्कर येतेय, म्हणून दंड धरला. पाच वाजताची एसटी मिळाली, बसायला जागापण मिळाली.

घरी आल्यावर चपला काढताना ती म्हणाली, "त्या बाईचं झालं असेल का गं?"

"कुठल्या?"

"पहिल्या दिवशी होती ती. शेंगदाणे दिले तिनं. मुलगा वारलाय तिचा, त्याचेच कागद होते."

मला हे माहीतच नव्हतं. "झालं असेल," मी म्हटलं.

आई जरा वेळ तशीच भिंतीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "पिशवी चांगली होती तिची. हातानंच शिवलेली, टाके दिसत होते."